मातीआडची गुणवत्ता

रस्ते, उड्डाणपूल, लोहमार्ग, बंदरे आणि विमानतळ यांची कामे देशात आज ज्या वेगाने चालू आहेत, तो वेग पाहून कोणाही भारतीयाला समाधान वाटावे. उद्घाटनाच्या फिती कापल्या जातात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात, किलोमीटरचे आकडे जाहीर होतात. परंतु कोणत्याही बांधकामाचे आयुष्य फीत कापली जाते त्या पातळीवर ठरत नाही. ते ठरते त्याखाली हातभर, पुरुषभर आणि कधी दहा-वीस मीटर खोल काय घातले आहे यावर. १९ मे २०२५ रोजी केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाड येथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ चा बांधकामाधीन उंच भराव खचला आणि शेजारचा सेवा रस्ताही त्याने आपल्याबरोबर ओढला. हा तोच महामार्ग आहे, जो पनवेलहून निघून कोकण आणि गोवा ओलांडत कन्याकुमारीपर्यंत जातो आणि ज्याला मराठी माणूस मुंबई-गोवा महामार्ग या नावाने ओळखतो. भाताच्या खाचरावर उभारलेल्या त्या भरावाखालची माती वरचा भार पेलू शकली नाही, असा प्राथमिक निष्कर्ष निघाला. ठेकेदार आणि सल्लागार यांच्यावर कारवाई झाली, तज्ज्ञांची समिती नेमली गेली. काही दिवसांनी वृत्तपत्रांतील मथळे बदलले. त्या घटनेने उपस्थित केलेला प्रश्न मात्र जुना झालेला नाही. जे बांधकामात कायमचे गाडले जाते, त्याच्या गुणवत्तेची हमी समाजाला कोण देणार?

हा प्रश्न ज्या साहित्याच्या बाबतीत सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो, ते साहित्य म्हणजे जिओसिंथेटिक्स, अर्थात भूसंश्लेषी साहित्य. मातीत, खडीत किंवा पाण्याखाली घालण्यासाठी कृत्रिम बहुवारिकांपासून तयार केलेली वस्त्रे, जाळ्या, पडदे आणि पेशीरचना यांचे हे सामूहिक नाव आहे. सर्वसामान्य नागरिकाचा या साहित्याशी रोज संबंध येतो, परंतु त्याला ते कधी दिसत नाही. उड्डाणपुलाच्या चढाला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या तबकड्या एकमेकींत अडकवून उभी केलेली भिंत असते. पाहणाऱ्याला वाटते की त्या तबकड्यांनीच आतील मातीचा डोंगर थोपवून धरला आहे. वस्तुतः तबकड्यांचे काम दर्शनी असते. खरा भार पेलतात त्या आत दर अर्ध्या-पाऊण मीटरवर मातीच्या थरांमध्ये अंथरलेल्या जाळ्या किंवा पट्ट्या. त्या जाळ्यांनी माती स्वतःलाच बांधून ठेवते. मातीची ही शिस्त ढळली तर बाहेरची भिंत कितीही देखणी असली तरी उभी राहू शकत नाही.

यामागचे तत्त्व नवे नाही. माती दाब सहन करते, पण ताण सहन करू शकत नाही. तिला दाबले तर ती घट्ट होते आणि ओढले तर तुटते. मातीच्या भिंती घालताना चिखलात भाताचे तूस, गवत किंवा काड कालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे तत्त्व अनुभवाने ठाऊक होते. आजच्या इराकमधील दूर-कुरिगालझू येथील प्राचीन उत्तुंग मनोऱ्यात विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया घातलेल्या आजही पाहावयास मिळतात. अडचण होती ती टिकाऊपणाची. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या महामार्ग विभागाने १९२६ पासून रस्त्यांत सुती कापड घालून प्रयोग केले. कापड शाबूत होते तोवर रस्ते चांगले राहिले आणि कापड कुजले तेव्हा त्याचा उपयोगही संपला. मातीतील ओल आणि जीवजंतू यांना दाद न देणारा धागा मिळेपर्यंत हे शास्त्र पुढे सरकणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यावर पॉलिप्रॉपिलिन, पॉलिएस्टर आणि पॉलिएथिलिन यांनी ती उणीव भरून काढली.

या शास्त्राला खरी गती दिली ती एका राष्ट्रीय संकटाने. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळी लाटांनी नेदरलँड्सचे बांध फोडले आणि त्या छोट्या देशातील १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्या राष्ट्राने केवळ शोक केला नाही, तर पुढील साडेतीन दशके समुद्राला आवर घालणारी बांधकामे चिकाटीने उभारली. त्यातील पूर्व शेल्ट नदीमुखावरील अडथळा १९८६ मध्ये कार्यान्वित झाला. त्याचे प्रचंड काँक्रीटचे खांब जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापले जातात. परंतु ते खांब समुद्रतळाच्या ज्या सुट्या वाळूवर उभे आहेत, ती वाळू भरती-ओहोटीच्या प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून त्यांच्याखाली कृत्रिम वस्त्राच्या, वाळू-खडीने भरलेल्या गाद्या अंथरलेल्या आहेत. २०० मीटर लांब आणि ४२ मीटर रुंद अशा एकेका गादीसाठी खास कारखाना उभारावा लागला आणि ती तळाशी अंथरण्यासाठी खास जहाज बांधावे लागले. खांबांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली, गाद्या कोणी पाहिल्या नाहीत. त्या अडथळ्याची स्थिरता मात्र त्या न दिसणाऱ्या गाद्यांवर उभी आहे.

त्याच कालखंडात फ्रान्समध्ये १९७० साली वाल्क्रो येथील मातीच्या धरणात न विणलेले कृत्रिम वस्त्र गाळणी म्हणून प्रथमच वापरले गेले. पुढे त्याचे नमुने काढून तपासले असता ते आपले काम चोख बजावत असल्याचे आढळले. १९७७ मध्ये पॅरिस येथील परिषदेत झाँ-पिएर झिरू या अभियंत्याने ‘जिओटेक्स्टाईल’ आणि ‘जिओमेम्ब्रेन’ हे शब्द रूढ केले आणि १९८३ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. याचा अर्थ असा की, हे शास्त्र अवघ्या अर्धशतकाचे आहे. या क्षेत्रात भारत शतकानुशतके मागे पडलेला नाही. मनावर घेतले तर बरोबरीने चालणे सहज शक्य आहे.

हे साहित्य नेमके काय करते, हे समजण्यासाठी महाराष्ट्राच्या काळ्या मातीचेच उदाहरण पुरेसे आहे. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागातील ही कसदार माती कापसाला वरदान असली, तरी रस्त्याला शाप ठरते. पावसात ती फुगते व लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर खडी अंथरून रोलर फिरवला की पहिल्याच पावसाळ्यात वाहनांच्या भाराने खडी खाली रुतते आणि चिखल वर येतो. दरवर्षी नवी खडी घालायची आणि दरवर्षी ती मातीने गिळायची, असा हा न संपणारा व्यवहार खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर चालतो. माती आणि खडी यांच्यामध्ये योग्य जातीच्या भूवस्त्राचा एक थर घातला, तर दोन्ही आपापल्या जागी राहतात. पाणी त्यातून गाळून निघते, पण मातीचे कण अडतात. विलगीकरण, गाळण आणि निचरा ही तिन्ही कामे काही मिलिमीटर जाडीचे एक वस्त्र करते. जाळी घातली तर खडीचे दाणे तिच्या घरांत अडकून बसतात आणि भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. पाणी किंवा विषारी द्रव अडवायचा असेल तेथे छिद्र नसलेला पडदा लागतो. मातीचा उतार पावसाने धुपत असेल तेथे मधाच्या पोळ्यासारख्या पेशी उपयोगी पडतात.

खाडीकाठच्या दलदलीसाठी आणखी एक युक्ती आहे. न्हावाशेवा आणि उलवे परिसरातील खोल चिकणमातीतून पाणी बाहेर पडावयास नैसर्गिक क्रमाने कित्येक वर्षे लागतात आणि पाणी बाहेर पडल्याशिवाय ती माती भक्कम होत नाही. यासाठी सुमारे १०० मिलिमीटर रुंद आणि काही मिलिमीटर जाड अशा पन्हळीदार प्लॅस्टिकच्या पट्ट्या गाळणी-वस्त्रात गुंडाळून, मीटर-दीड मीटर अंतराने जमिनीत उभ्या खोचतात आणि वर मातीचा भार ठेवतात. पाण्याला जावयाची वाट निम्मी झाली की लागणारा वेळ पावपट होतो. वाट इतकी आखूड झाल्यावर जे काम पिढीला लागले असते, ते काही महिन्यांत होते.

ही किमया घडविणारे साहित्य कारखान्यात कसे तयार होते, हे समजल्यावाचून त्यातील खऱ्या-खोट्याचा विवेक करता येणार नाही. प्रारंभ होतो तो बहुवारिकाच्या साबुदाण्याएवढ्या दाण्यांपासून. दाणे तापवून, वितळवून बारीक छिद्रांतून दाबाने बाहेर काढले की तंतू मिळतात. हे तंतू कापून, पिंजून, एकावर एक थर देऊन त्यांवर काटेदार सुयांचे हजारो प्रहार केले की तंतू एकमेकांत गुंततात आणि जाड घोंगडीसारखे, न विणलेले वस्त्र तयार होते. निचऱ्याला आणि गाळणीला तेच उत्तम. विणलेल्या वस्त्रासाठी पातळ पडद्याच्या अरुंद पट्ट्या कापून, त्या ताणून मागावर विणतात. सिमेंटचे पोते ज्याने पाहिले आहे, त्याला या प्रकाराची कल्पना सहज येईल. अधिक बळ हवे असेल तेथे पॉलिएस्टरचे पीळदार सूत वापरले जाते.

जाळीची निर्मिती तर अधिकच उद्बोधक आहे. एका पद्धतीत पॉलिएथिलिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या जाड पत्र्याला ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून तो पत्रा तापवून एका किंवा दोन दिशांनी ताणतात. ताणताना आतील लांबलचक रेणू, विस्कटलेल्या केसांवर फणी फिरवावी तसे, एका दिशेने सरळ होतात आणि तोच पदार्थ कित्येक पटींनी बळकट होतो. ब्रिटनमधील ब्लॅकबर्न येथील संशोधक ब्रायन मर्सर यांनी ही पद्धत विकसित केली. दुसऱ्या पद्धतीत पॉलिएस्टरच्या सुताची जाळी विणून तिला संरक्षक लेप देतात. पाणी अडविणाऱ्या पडद्यात सुमारे ९७ टक्के पॉलिएथिलिन असते. त्याखेरीज दोन ते तीन टक्के काजळी आणि अत्यल्प प्रमाणात प्राणवायूचा परिणाम रोखणारी रसायने असतात. हा उरलेला तीन टक्क्यांचा भागच पडद्याचे आयुष्य ठरवितो. काजळी सूर्याच्या अतिनील किरणांपासून रक्षण करते, तर रसायने पदार्थाला ठिसूळ होण्यापासून वाचवितात. ही रसायने वगळली, तरी पडदा बाहेरून तितकाच काळा आणि तितकाच तुळतुळीत दिसतो.

सारी मेख येथे आहे. काँक्रीट निकृष्ट असेल तर त्याला तडे जातात, डांबर कमी असेल तर खडी उखडते, आणि नागरिकाला ते दिसते. भूवस्त्र निकृष्ट असेल तर ते अंथरल्यानंतर तासाभरात मातीआड जाते आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो. दोष प्रकट होतो तो पाच-दहा वर्षांनी, तोवर दोषदायित्वाचा कालावधी संपलेला असतो आणि संबंधित अधिकारी बदली होऊन कोठेतरी गेलेला असतो. शिवाय या साहित्यातील प्रत्येक पदार्थाचा एक गुण आणि एक दुर्गुण आहे. पॉलिप्रॉपिलिन हलके आणि स्वस्त आहे, पण सततच्या ताणाखाली ते हळूहळू लांबत जाते. पॉलिएस्टर ताण उत्तम सहन करते, परंतु चुन्यासारख्या तीव्र अल्कधर्मी सान्निध्यात त्याचे रेणू पाण्याने तुटू लागतात. पॉलिएथिलिन रसायनांना दाद देत नाही, पण दीर्घकाळ ताणाखाली राहिल्यास त्यात सूक्ष्म तडे जाऊ शकतात. एका ठिकाणी अमृत ठरलेले साहित्य दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरू शकते.

म्हणूनच अभियंता कारखान्याच्या पत्रकावरील आकडा जसाच्या तसा धरीत नाही. मीटरभर रुंदीला १०० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दहा टन ताण सहन करणारी जाळी असेल, तर दीर्घकालीन लांबणे, खडी टाकताना होणारी इजा आणि रासायनिक झीज यांसाठी त्या आकड्याला क्रमाने भागून हाती उरते ते निम्म्याच्या आसपास, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी. दीर्घकालीन लांबण्याची प्रचलित चाचणी १०,००० तास, म्हणजे वर्षाहून अधिक काळ चालते. निविदेच्या घाईत एवढा धीर कोण धरतो? पत्रकावरील मोठा आकडा आणि सर्वांत कमी दर ही जोडी जुळली की काम दिले जाते. उत्पादक प्रामाणिक असेल तर त्याचा माल महाग ठरतो आणि तो स्पर्धेतून बाद होतो. पुनर्वापराचे दाणे न सांगता मिसळणारा, काजळीऐवजी नुसता काळा रंग वापरणारा, चौरस मीटरमागे काही ग्रॅम वजन वाचविणारा पुढे जातो. हा केवळ आर्थिक अपहार नव्हे, तर पुढील पिढीच्या सुरक्षिततेवर घातलेला घाला आहे.

कारखान्यातून उत्तम माल निघाला तरी जबाबदारी संपत नाही. गुंडाळ्या आच्छादनाविना आठवडेच्या आठवडे उन्हात पडून राहतात, तेव्हा मातीत टिकणारे वस्त्र मातीत जाण्यापूर्वीच निम्मे म्हातारे झालेले असते. एका पट्ट्यावर दुसऱ्याचा किमान ३० सेंटीमीटर चढ हवा असेल तेथे चार बोटांचा चढ देऊन कापड वाचविले जाते. अंथरलेल्या वस्त्रावरून थेट खडीचा डंपर फिरतो. मोजमाप पुस्तिकेत मात्र चौरस मीटर पूर्ण भरलेले असतात. कचराभूमीच्या तळाशी घालावयाच्या पडद्याचे उदाहरण याहून गंभीर आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी किमान दीड मिलिमीटर जाडीचा पॉलिएथिलिनचा पडदा आणि त्याखाली ९० सेंटीमीटर अभेद्य मातीचा थर सांगितला होता. दोन पट्टे जोडताना उष्ण पाचरीने दोन समांतर सांधे करतात आणि त्यांमधील पोकळीत हवा भरून तो दाब टिकतो की नाही हे पाहतात. ही साधी चाचणी वगळली गेली, तर कचऱ्यातून झिरपणारे विष आसपासच्या विहिरींत उतरते, आणि विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबाला त्याचे कारण कधीच कळत नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने तर हा विषय स्वतःच्या खिशातून शिकला आहे. २०१६ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. त्याआधीपासूनच नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्ष आणि डाळिंब बागाईतदारांनी शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा कागद घालून उन्हाळ्याशी दोन हात केले होते. ज्याला शेतकरी कागद म्हणतो, तो याच कुळातील पडदा होय. जाडी कमी भरली, काजळी नीट मिसळली नसली, काठावरची चारी नीट गाडली नाही, तर पाच-सहा उन्हाळ्यांची अपेक्षा असलेला कागद दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तडकतो. कर्ज काढून भरलेले पाणी रातोरात जमिनीत जाते आणि ऐन बहरात बाग वाळते. मानकचिन्ह पाहून आणि जाडी मोजून माल घेणारा शेतकरी या बाबतीत अनेक सरकारी कार्यालयांहून अधिक जागरूक आहे, असेच म्हणावे लागेल.

याची दुसरी, उजळ बाजूही तेवढ्याच आग्रहाने मांडली पाहिजे. सिक्कीममधील पाक्योंग विमानतळाचे उद्घाटन २४ सप्टेंबर २०१८ रोजी झाले. हिमालयाच्या ठिसूळ उतारावर, भूकंपप्रवण क्षेत्रात आणि मुसळधार पावसाच्या प्रदेशात तेथे ७० मीटरहून अधिक उंचीचा प्रबलित मातीचा उतार व भिंत उभारण्यात आली. पॉलिएस्टरच्या सुतावर पॉलिएथिलिनचे आवरण असलेल्या जाळ्यांनी डोंगरातील मातीलाच बांधून धावपट्टीला आधार दिला. जगातील अशा प्रकारच्या सर्वांत उंच बांधकामांत त्याची गणना होते. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील पेंठा गावी समुद्र किनारा गिळत चालला होता. तेथे भूवस्त्राच्या अजस्र नळ्यांत वाळू भरून सुमारे ५०० मीटर लांबीचा तटबंध उभारला गेला. त्याची आखणी मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केली. दोरखंड आणि मासेमारीच्या जाळ्यांपासून प्रारंभ करून या क्षेत्रात स्थिरावलेला उद्योग पुणे आणि वाई येथेच आहे. मुंबईत घाटकोपरच्या बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशनमध्ये या साहित्याच्या चाचण्यांचे उत्कृष्टता केंद्र आहे. ज्या मुंबईने गिरण्यांचा संप आणि अस्त पाहिला, तेथेच वस्त्रविद्या एक नवे रूप घेऊन उभी आहे, ही बाब आशादायक आहे.

शासनाच्या स्तरावरही काही पावले निश्चित पडली. ईशान्य भारतात या साहित्याचा वापर वाढावा म्हणून २०१५ मध्ये ४२७ कोटी रुपयांची योजना आखली गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानाला मंजुरी मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये १९ प्रकारच्या भूवस्त्रांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढण्यात आला. असे आदेश कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचतात की राजपत्राच्या पानांवर विसावतात, यावर त्यांचे यश अवलंबून असते. स्वावलंबनाचा विचारही येथे मुळापर्यंत नेला पाहिजे. पॉलिएस्टर निर्मितीत भारत जगातील अग्रगण्य देशांत आहे. मात्र सुया टोचणारी आधुनिक यंत्रे, आयुष्य वाढविणारी रसायने आणि पॉलिएथिलिनचा मोठा वाटा यांसाठी अजूनही परदेशाकडे पाहावे लागते. केवळ आयात दाण्यांपासून आयात यंत्रावर कापड काढले, म्हणजे ते पूर्णार्थाने स्वदेशी झाले असे समाधान मानून घेणे योग्य नव्हे. आणि स्वदेशी माल म्हणून निकृष्ट माल चालवून घ्यावा, असाही त्याचा अर्थ होत नाही. स्वदेशीची प्रतिष्ठा गुणवत्तेनेच वाढते.

जमिनीत एवढे प्लॅस्टिक गाडणे कितपत शहाणपणाचे, असा आक्षेप काही पर्यावरणप्रेमी घेतात. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. किनाऱ्यावर फाटलेल्या नळ्यांचे तुकडे समुद्रात जातात, उन्हात झिजलेल्या वस्त्राचे सूक्ष्म कण मातीत मिसळतात. त्याचे उत्तर सरसकट बंदी हे नाही, कारण याच साहित्यामुळे खडी, मुरूम आणि सिमेंट यांची बचत होते आणि त्या प्रमाणात डोंगर पोखरणे टळते. जेथे शतकभराची साथ हवी तेथे कृत्रिम धागा वापरावा आणि जेथे गवताची मुळे धरेपर्यंत दोन-तीन पावसाळ्यांचा आधार पुरे, तेथे काथ्या आणि ताग वापरावा, हा विवेक त्याचे खरे उत्तर आहे. काथ्यात लिग्निनचे प्रमाण अधिक असल्याने तो सावकाश कुजतो आणि कुजल्यावर मातीतच मिळून जातो. २०२० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सात राज्यांतील १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याच्या भूवस्त्राचा वापर ठरविण्यात आला. त्यात महाराष्ट्राचा वाटा ३२८ किलोमीटरचा होता. कोकणच्या वाड्यांतून नारळाची सोडणे चुलीत जातात किंवा परसात कुजतात. त्याच सोडणांच्या काथ्याने कोकणातल्या घाटरस्त्यांचे उतार झाकले गेले, तर रस्ता, रोजगार आणि निसर्ग या तिघांचेही भले होईल.

कूरियाडच्या घटनेकडे पुन्हा वळले असता एक गोष्ट स्पष्ट होते. कोणतीही जाळी किंवा वस्त्र मातीच्या अभ्यासाला पर्याय ठरू शकत नाही. भराव कितीही उत्तम बांधला, तरी तो ज्या भूमीवर उभा आहे, तिचेच बळ मोजलेले नसेल, तर बांधलेला भराव अखंडपणे खाली बसेल, एवढेच. आधी भूमीची परीक्षा, मग साहित्याची निवड, मग निर्मितीची तपासणी आणि अखेरीस जागेवरची देखरेख, हा क्रम मोडला की दोष कोणाचा, हे शोधण्यासाठी समित्या नेमाव्या लागतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

यासाठी काही गोष्टी तातडीने घडल्या पाहिजेत. जमिनीत जाणाऱ्या साहित्याची खरेदी केवळ किमान दराच्या निकषावर होऊ नये. त्याच्या अपेक्षित आयुष्याचा खर्च हिशेबात धरला जावा. प्रत्येक गुंडाळीवरील क्रमांकाची नोंद रस्त्याच्या कोणत्या टप्प्यात ती गाडली गेली, यासह कायम जतन केली जावी आणि ती नोंद नागरिकाला मागताच पाहावयास मिळावी. कामाच्या जागेवरून नमुने घेण्याचा अधिकार ठेकेदाराच्या प्रयोगशाळेकडे न राहता स्वतंत्र संस्थेकडे असावा. जिल्हापातळीवरील कनिष्ठ अभियंत्याला हे वस्त्र हाताळण्याचे प्रत्यक्ष शिक्षण मिळावे, कारण खडीचा डंपर थांबविण्याचा किंवा सोडण्याचा निर्णय मंत्रालयात होत नाही. तो भर उन्हात, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या तरुणाला घ्यावा लागतो. त्याच्या प्रामाणिकपणाच्या पाठीशी व्यवस्था उभी राहिली, तरच तो ठाम राहू शकेल.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. गावचा रस्ता होत असताना खडीचा थर किती इंच, एवढेच विचारून आता भागणार नाही. खाली काय घातले, ते कोठून आले आणि त्याची चाचणी कोणी केली, हे विचारणारे दोन-चार नागरिक प्रत्येक गावात, प्रत्येक प्रभागात तयार झाले पाहिजेत. सुशिक्षित कुटुंबांतील अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी संगणकाबरोबरच या मातीच्या विद्येकडेही वळावे, इतके काम तेथे वाट पाहत आहे. मंदिराचा कळस दुरून दिसतो, पायाचे दगड दिसत नाहीत. तरीही ते घडविणारे हात त्यांना तासून, पारखून आणि ठोकूनच जमिनीत बसवीत आले. कोणी पाहणार नाही, तेथेही काम चोख करणे ही या देशातील कारागिरांची परंपरा आहे. तीच परंपरा आज सुया टोचणाऱ्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराने, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने आणि मोजमाप पुस्तिकेवर सही करणाऱ्या अभियंत्याने पुढे चालविली पाहिजे. या रस्त्यांवरून उद्या जाणाऱ्या पिढीला ती माणसे कधी दिसणार नाहीत, परंतु तिचा प्रवास सुरक्षित असेल तो त्यांच्याच भरवशावर.